कोणाच्या तोंडाचं स्वातंत्र्य?

२०२५ चा मे महिना आठवा. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं, प्रत्येकाचा फोन तापलेला होता. पुण्यात शिकणाऱ्या दोन मुली त्या महिन्यात तुरुंगापर्यंत पोहोचल्या. एक एकोणीस वर्षांची, जम्मू-काश्मीरची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दुसरी बावीस वर्षांची, कोलकात्याची, कायद्याचं शिक्षण घेणारी. दोघींची नावं मी मुद्दाम लिहीत नाही. दोघींना अजून नोकऱ्या शोधायच्या आहेत, आणि इंटरनेट काही विसरत नाही.

पहिलीने सरकारवर टीका करणारी दुसऱ्या कुणाची तरी पोस्ट इन्स्टाग्रामवर पुढे टाकली. धमक्या यायला लागल्या तशी दोन तासांत काढून टाकली, माफी मागितली. तरी ९ मे रोजी अटक झाली. कॉलेजने नाव काढून टाकलं, म्हणणं ऐकून न घेता. येरवडा जेलमध्ये असताना तिचे पेपर सुरू झाले. २७ मे रोजी मुंबई हायकोर्टाच्या सुट्टीतल्या खंडपीठाने तिला ताबडतोब सोडायला लावलं आणि सरकारची चांगलीच खरडपट्टी काढली. एका विद्यार्थिनीला तुम्ही गुन्हेगार बनवताय का, असा कोर्टाचा एकूण सूर होता.

दुसरीने एका व्हिडिओत मुसलमानांबद्दल आणि आपल्या पैगंबरांबद्दल घाण भाषा वापरली. घाणच, त्यात आडपडदा ठेवायचं कारण नाही. तिनेही व्हिडिओ काढला, तिनेही माफी मागितली. ३० मे च्या रात्री कोलकाता पोलिसांनी तिला गुरुग्रामहून उचललं. ५ जूनला कलकत्ता हायकोर्टाने अंतरिम जामीन दिला.

आता बघा काय झालं. दुसरीसाठी खासदार कंगना रनौत बोलल्या, आंध्रचे उपमुख्यमंत्री पवन कल्याण बोलले, बार कौन्सिलचे अध्यक्ष बोलले. नेदरलँड्समधून गीर्ट विल्डर्स धावून आले आणि तिच्या अटकेला अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरचा डाग म्हणाले. तिच्या नावाचे हॅशटॅग रात्रंदिवस फिरले. तिला सोडा, ही मागणी बरोबरच होती. एका व्हिडिओसाठी हजार मैलांवरून पोलीस पाठवून पोरीला जेलमध्ये टाकणं हा न्याय नव्हे. पण याच मंडळींना तीनच आठवड्यांपूर्वी, त्याच पुण्यातून, त्याच प्रकारे उचललेली एकोणीस वर्षांची मुलगी दिसली नव्हती का? तिच्यासाठी कोणता हॅशटॅग फिरला?

विल्डर्स यांच्याबद्दल दोन वाक्यं जास्त लिहायला हवीत, कारण आपल्याकडच्या अनेकांना ते अभिव्यक्ती स्वातंत्र्याचे जागतिक वकील वाटतात. २०२२ मध्ये नुपूर शर्मांच्या बाजूनेही त्यांनी असाच आवाज लावला होता. याच गृहस्थांनी २००७ मध्ये डच वर्तमानपत्रात पत्र लिहून कुराणावर बंदी घाला अशी मागणी केली होती. म्हणजे एका व्हिडिओवर कारवाई झाली की स्वातंत्र्य धोक्यात, आणि अब्जावधी माणसांच्या घरातलं पुस्तक बंद करा म्हटलं की तेही स्वातंत्र्यासाठीच. हा माणूस स्वातंत्र्याचा वकील असेल तर उंदरांच्या हक्कांसाठी मांजराला उभं करायला हरकत नाही.

युरोपात या प्रकाराला संघटनेचं रूप बऱ्याच आधी आलं. डेन्मार्कमध्ये २००४ साली लार्स हेडगोर या पत्रकाराने पुढाकार घेऊन मुद्रणस्वातंत्र्यासाठी एक संस्था काढली. नाव निर्मळ, काम मात्र टीकाकारांच्या मते जवळजवळ एकाच विषयाभोवती फिरणारं, तो म्हणजे इस्लामपासून युरोपला असलेला धोका. ब्रिटनमध्ये टोबी यंग यांनी २०२० मध्ये काढलेल्या ‘फ्री स्पीच युनियन’वरही उजव्या राजकारणाशी जवळीक असल्याचा आक्षेप घेतला जातो. ती संघटना तो मानत नाही, आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं सांगते. आपल्याकडे अजून असल्या संस्थांच्या पाट्या फारशा दिसत नाहीत, पण त्यांची भाषा येऊन पोहोचली आहे. भंडारा, तुमसर, पवनी, साकोली, कुठल्याही गावातल्या कॉलेजच्या पोराचा फोन बघा. ‘आम्ही धर्माविरुद्ध नाही, आम्ही फक्त बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूने आहोत,’ असं म्हणणारे मराठी-हिंदी रील त्यात आहेत. पुढच्या दोन मिनिटांत ते कुणाबद्दल बोलतात ते वेगळं सांगायला नको.

यावर आपल्या पोरांचं एक ठरलेलं उत्तर असतं. ‘अरे, ते संघवाले आहेत. फ्री स्पीच वगैरे सगळा बहाणा आहे.’ आणि एवढं म्हणून विषय संपतो. माझं भांडण या उत्तराशी आहे. रीलवाल्यांशी आहेच, पण त्यांच्यावर लिहून तुमचा काय फायदा? ते हे वाचत नाहीत. तुम्ही वाचता.

थोडा इतिहास बघू. २६ मे १९५० या एकाच दिवशी सुप्रीम कोर्टाने दोन निकाल दिले आणि स्वतंत्र भारतात बोलण्या-छापण्याच्या हक्काचा पाया घातला. एक खटला मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉसरोड्स’ या डाव्या साप्ताहिकाचा होता. संपादक रोमेश थापर. मद्रास सरकारने त्या अंकांना आपल्या हद्दीत बंदी केली होती. दुसरा खटला ‘ऑर्गनायझर’चा, म्हणजे रा. स्व. संघाच्या विचारांचं साप्ताहिक. दिल्लीच्या प्रशासनाने त्यांना छापण्याआधी मजकूर दाखवून घ्यायला लावलं होतं. कोर्टाने दोन्ही आदेश रद्द केले. पुढच्याच वर्षी सरकारने पहिली घटनादुरुस्ती आणून या हक्काला कुंपण घातलं, तेव्हा संसदेत त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते. काही महिन्यांत त्यांनीच जनसंघ काढला. आणि दुरुस्तीच्या बाजूने बोलणारे कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांनी पुढे १९५४ ची पोटनिवडणूक आपल्या भंडाऱ्यातून लढवली. इतिहास आपल्या सोयीने रांगेत उभा राहत नाही, काय करणार.

तेव्हा ‘हा हक्क मागणारा उजवा आहे’ एवढ्यावरून हक्क खोटा ठरत नाही. आज तुम्ही-आम्ही ज्या हक्काच्या जोरावर लिहितो, तो मिळवण्यात एक कम्युनिस्टांच्या जवळचा आणि एक संघाच्या जवळचा, दोघांचेही खटले कामी आले. कोण कोणाच्या लग्नाला गेला, कोणाचा फोटो कोणासोबत आहे, यावरून संघटनेची परीक्षा करणं सोपं असतं. पण हीच परीक्षा उद्या तुमच्यावर लावली जाते. कुठल्या तरी जलशात तुमच्या मागच्या खुर्चीवर कोण बसलं होतं, यावरून तुमच्यावर तोहमत येते. आपण ज्या फूटपट्टीचा मार खातो ती दुसऱ्यावर कशाला उगारायची?

मग परीक्षा कशाने करायची? हिसाबाच्या वहीने. कोणाच्या वेळी हे लोक उभे राहिले आणि कोणाच्या वेळी घरी बसले, एवढं बघायचं.

महाराष्ट्रापुरती वही उघडू. पंढरपुरात जन्मलेले मकबूल फिदा हुसेन. ज्या हिंदू जनजागृती समितीच्या व्यासपीठावरून आज बोलण्याच्या हक्काची भाषा ऐकू येते, तिने त्यांच्या चित्रांविरुद्ध मोहीम चालवली, ठिकठिकाणी तक्रारी करवल्या. दिल्ली हायकोर्टाने २००८ मध्ये हुसेन यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परत येऊ शकले नाहीत. २०११ मध्ये लंडनमध्ये वारले तेव्हा नागरिक कतारचे होते. पुढचं पान मुनव्वर फारुकी. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये अटक झाली ती न केलेल्या विनोदासाठी, महिनाभर जेल झाली, मग सुप्रीम कोर्टाने जामीन दिला. त्याच वर्षी बजरंग दलाच्या धमक्यांमुळे मुंबईतले कार्यक्रम रद्द, नंतर बंगळूरचे रद्द. मार्च २०२५ मध्ये आमदार अबू आझमी औरंगजेबाबद्दल काहीतरी बोलले. मला त्यांचं बोलणं पटलेलं नाही, इतिहास म्हणूनही कच्चं होतं ते. त्यांनी शब्द मागे घेतले. तरी विधानसभेने त्यांना पूर्ण अधिवेशनासाठी निलंबित केलं. चुकीचा इतिहास सांगितल्याबद्दल निलंबन करायचं ठरलं तर सभागृहात कोरम भरायचा नाही.

आणि कोल्हापूरच्या प्राध्यापकाचा खटला तर प्रत्येकाने पाठ करून ठेवावा असा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, ३७० कलम हटवल्याचा दिवस काळा दिवस आहे असं त्यांनी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवलं, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. पोलिसांनी दोन समाजांत तेढ पसरवल्याचा, १५३अ चा गुन्हा लावला. मुंबई हायकोर्टाने तो रद्द करायला नकार दिला. सुप्रीम कोर्टात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी ७ मार्च २०२४ रोजी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयाला विरोध करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि दुसऱ्या देशाला शुभेच्छा देणं गुन्हा नाही, असं स्पष्ट म्हटलं. शिवाय पोलिसांनाच अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवण्याची वेळ आली आहे, असंही लिहून ठेवलं. जावेद अहमद हजाम विरुद्ध महाराष्ट्र राज्य, हे खटल्याचं नाव. शोधा आणि पूर्ण वाचा, फार मोठा नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर रोज रील टाकणाऱ्यांपैकी कोणी या निकालाचा पेढा वाटलेला मला दिसला नाही.

वहीचं दुसरं पान म्हणजे ते काय बोलणं वाचवायला येतात. २०२२ च्या अखेरीपासून सकल हिंदू समाजाच्या नावाने महाराष्ट्रभर मोर्चे निघाले. त्यातल्या भाषणांत मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार टाका अशा हाका दिल्या गेल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईच्या सभेला परवानगी देताना द्वेषाची भाषणं होणार नाहीत अशी हमी सुप्रीम कोर्टाला सरकारकडून घ्यावी लागली. तेव्हाही बचाव एकच होता, बोलण्याचा हक्क. इथे माझी रेघ मी स्पष्ट आखतो. माझ्या श्रद्धेला कोणी नावं ठेवली तर मला लागतं, मी उत्तर देतो, किंवा गप्प बसतो. माझ्या शेजाऱ्याकडून भाजी घेऊ नका, त्याला घर देऊ नका, त्याला झोडा, असं कोणी माईकवरून सांगितलं तर तो त्याच्या पोटावर आणि अंगावर हात टाकतो. पहिलं बोलणं सहन करायला मी तयार आहे. दुसऱ्यावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे, बोलणारा कोणत्याही रंगाच्या झेंड्याखाली असो.

आता आपली वही. ती न उघडता दुसऱ्याची मागणं बरं नाही.

जानेवारी २०१५. पॅरिसमध्ये ‘शार्ली एब्दो’वर हल्ला झाला होता. मुंबईच्या ‘अवधनामा’ या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी बातमीसोबत त्या मासिकाचं मुखपृष्ठ छापलं. दुसऱ्याच दिवशी माफीही छापली. आपल्या लोकांनी काय केलं? एकामागून एक पोलीस ठाण्यांत तक्रारी. मुंब्र्यात अटक. पेपरची मुंबई आवृत्ती बंद, सोबत काम करणाऱ्यांची रोजी गेली. ज्या बाईने आयुष्य उर्दू पत्रकारितेत काढलं तिला घर सोडून लपून राहावं लागलं. आणि डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयक आलं तेव्हा त्याच शिरीन दळवींनी राज्याच्या उर्दू साहित्य अकादमीचा पुरस्कार निषेध म्हणून परत केला. आपल्यासाठी. ज्या भाऊबंदांनी ठाण्यात रांग लावली होती त्यांच्यासाठी. त्यांना कोणी त्या तक्रारींबद्दल माफी मागितली का, हा प्रश्न मी आपल्या जमातीच्या पुढाऱ्यांना जाहीर विचारतो.

आणि आपल्याच विदर्भातली अमरावती. २१ जून २०२२ च्या रात्री एका औषधविक्रेत्याचा गळा चिरून खून झाला. नुपूर शर्मांच्या समर्थनार्थ त्यांनी व्हॉट्सअॅपवर मेसेज फिरवला होता म्हणून हे झालं, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. खटला कोर्टात चालेल, आरोप सिद्ध व्हायचे ते होतील. पण त्या वेळी आपल्यातल्या किती जणांनी ‘खून वाईटच, पण...’ असं म्हटलं, ते तुम्ही ऐकलं आहे. त्या ‘पण’ मध्ये विल्डर्ससारख्यांची रोजी-रोटी आहे. आपण तो ‘पण’ काढून घेतला तर त्यांच्या अर्ध्या भाषणाला विषय उरत नाही.

कोलकात्याच्या प्रकरणाचा पुढचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटला. त्या कायद्याच्या विद्यार्थिनीविरुद्ध तक्रार देणारा एक मुस्लिम तरुण होता. ती जामिनावर सुटली, आणि आठवडाही झाला नव्हता तोच त्याला अटक झाली. त्याच्या स्वतःच्या जुन्या पोस्ट लोकांनी शोधून काढल्या, त्यात हिंदू देवतांबद्दल वाईट बोललं होतं असा आरोप झाला, वेगवेगळ्या राज्यांत गुन्हे दाखल झाले. शेवटी त्याला सुप्रीम कोर्टात जाऊन संरक्षण मागावं लागलं. दार कोणतं, कायदा कोणता? जो त्याने तिच्यावर लावायला सांगितला होता तोच. पूर्वी १५३अ आणि २९५अ म्हणायचे, आता भारतीय न्याय संहितेत १९६ आणि २९९ म्हणतात. ‘भावना दुखावल्या’ हा अर्ज कोणी लिहिला तर ठाणेदार तत्परतेने उठतो आणि कोणाचा अर्ज टेबलावर पडून राहतो, हे तुम्हाला माझ्याकडून शिकायची गरज नाही. मग ज्या तलवारीची मूठ कायम दुसऱ्याच्या हातात राहणार, तिला आपण का धार लावायची?

डेन्मार्कचं पुढचं पान सांगतो. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी कोपनहेगनमध्ये त्याच लार्स हेडगोर यांच्या दारात टपाल देण्याच्या बहाण्याने आलेल्या माणसाने गोळी झाडली. नेम चुकला, ते वाचले. त्यानंतर तिथल्या मुस्लिम संघटना पुढे आल्या. या माणसाने वर्षानुवर्षं आपल्याबद्दल काय काय लिहिलं ते त्यांना तोंडपाठ होतं, आणि तरी त्यांनी जाहीर सांगितलं की याला बोलण्याचा हक्क आहे आणि आम्ही त्या हक्काच्या बाजूने आहोत. हेडगोर यांचं मत त्यामुळे किती बदललं हा भाग सोडा. तिथल्या वर्तमानपत्रांना त्या आठवड्यात एक वेगळी बातमी छापावी लागली, जी त्यांनी आधी लिहून ठेवलेली नव्हती.

कोणी म्हणेल, हे डेन्मार्क-पुणे-कोलकाता ठीक आहे, आपल्या भंडाऱ्यात धान लावायचं, कोसा विणायचा, पोरांना नागपूरला शिकायला पाठवायचं, आपला काय संबंध? संबंध आपल्याच जिल्ह्यात आहे, मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. सुरेखाबाई, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर. जमिनीचा वाद होता, जात होतीच. पण त्या संध्याकाळचं लगतचं कारण काय होतं? सुरेखाबाई आणि प्रियंकाने सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण करणाऱ्यांना पोलिसांपुढे ओळखलं होतं. साक्ष दिली होती. ते लोक जामिनावर सुटून आले त्याच दिवशी हे झालं. भंडारा जिल्ह्यात बोलण्याची सगळ्यात मोठी किंमत कोणी दिली, हे विचारलं तर माझं उत्तर सुरेखाबाई भोतमांगे आहे. त्यांनी कुणाची टिंगल केली नव्हती, कुठलं चित्र काढलं नव्हतं. जे पाहिलं ते सांगितलं. त्यानंतर दलित समाज रस्त्यावर उतरला तर राज्याच्या गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची भाषा केली. पुढे त्याच भाषेचं विधेयक आलं. जुलै २०२५ मध्ये जनसुरक्षा विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. संघटनाच बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या या विधेयकाविरुद्ध पत्रकार, कामगार संघटना, वकील बोलले. अभिव्यक्तीचे हे नवे रखवालदार त्या गर्दीत शोधून पाहा.

हे सगळं आज लिहायचं कारण व्यवहाराचं आहे. तुमच्यातला जो बरा बोलतो, ज्याचं मराठी चांगलं आहे, त्याला उद्या एखाद्या अशा मंचाचा फोन येईल. ‘आमच्या अभिव्यक्ती परिषदेला एक सुधारणावादी मुस्लिम तरुण हवा.’ जाण्या-येण्याचं भाडं, मानधन, व्हिडिओ, फॉलोअर, सगळं मिळेल. जाऊ नका, असं मी म्हणत नाही. बुरखा, तलाक, मदरसा, मशिदीचा भोंगा, आपल्या घरातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तुम्ही बोललात तर या पानावर तुमच्या बाजूने लिहायला मी आहे. फक्त हो म्हणण्याआधी संयोजकाला विचारा, की कोल्हापूरच्या प्राध्यापकाच्या खटल्यावर तुमच्या संस्थेचं पत्रक कुठे आहे? पुण्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी तुम्ही काय केलं? त्या परिषदेच्या ठरावात तिचं आणि कोलकात्याच्या मुलीचं, दोघींचं प्रकरण एकाच वाक्यात घालाल का? उत्तर हो आलं तर त्यांचे नातेवाईक कोण, देणगीदार कोण, याने फार फरक पडत नाही, जा आणि मनापासून बोला. ‘विषय तो नाही’ असं उत्तर आलं तर भाड्याचे पैसे वाचवा.

आणि फोनची वाट तरी कशाला बघायची? भंडाऱ्यात अशी सभा आपणच घेऊ शकतो. शहरात वकील आहेत, कॉलेजं आहेत, खैरलांजीच्या वेळी रस्त्यावर उतरलेली माणसं अजून आहेत. आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकं चालतात. महाराष्ट्रात नाटकाची संहिता आजही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. अमोल पालेकर त्याविरुद्ध हायकोर्टात गेले होते. नाटकवाल्यांना बोलवा, वकिलांना बोलवा, खैरलांजीवर बोलणाऱ्याला बोलवा. ज्याचं बोलणं आपल्याला टोचतं असा एक तरी माणूस वक्त्यांच्या यादीत ठेवा, आणि तो बोलत असताना सभागृहात कोणी उठून गोंधळ घालणार नाही एवढी जबाबदारी आपल्या पोरांनी घ्या.